रिकामं पारडं

खूप मागं, एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक चुनेवाला राहत होता. डोंगरात चुनखडी निघे. ती भट्टीत भाजायची, बाहेर काढायची, कुटायची आणि पोती भरून पेठेत धाडायची, हा त्याचा पिढीजात धंदा.

भट्टीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, पानमळे होते. विड्याचं पान म्हणजे तान्ह्या बाळाच्या कानासारखं नाजूक. म्हणून मळ्यात कुणी पायताण घालून जात नसे. प्रत्यक्ष राजा आला तरी जोडे बांधावर काढायचे, असा रिवाज होता.

चुनेवाल्याचा बाप हयात होता तेव्हा भट्टीशेजारी एक उंच काठी रोवलेली असे. तिच्या टोकाला लाल फडकं. फडकं डोंगराकडं उडालं की भट्टी उघडायची. मळ्याकडं उडालं की सगळ्यांनी हात बांधून बसायचं. तेवढ्यात माणसं भाकरी खाऊन घेत, गप्पा मारत. बाप म्हणायचा, "वारा काय आपला गडी नाही, बाबांनो. त्याला सवड होईल तेव्हा आपण काम करायचं."

पुढं बाप गेला. मुलानं धंदा वाढवला. लांबच्या शहरात नदीला मोठा घाट बांधायचं ठरलं आणि त्याचा चुना पुरवायचं काम याला मिळालं. मग काय विचारता! शेठ भट्टीवर जाईनासा झाला, पेठेत गादी टाकून बसू लागला. भट्टी त्यानं मुकादमाच्या हाती दिली आणि सांगितलं, "होळीपर्यंत हजार पोती पाहिजेत. कशी काढायची ते तू बघ."

मुकादमानं बघितलं. हात बांधून बसणं बंद झालं. एक दिवस जळण कमी पडलं, तेव्हा त्यानं ती काठीच भट्टीत सारली. फडकं गेलं वाऱ्यावर.

आता वारा कुठंही असो, भट्टी उघडायची, चुना कुटला जायचा. पांढरी धूळ उठायची आणि हळूहळू खाली मळ्यांवर उतरायची.

भट्टीला सगळ्यात जवळचा मळा एका म्हातारीचा होता. सगळं गाव तिला मावशी म्हणे. तिच्या पानांवर आधी पांढरे ठिपके आले, मग ठिपक्यांची भोकं झाली. पेठेतला तांबोळी तिची करंडी उघडायचा, एकेक पान उजेडात धरायचा आणि मान हलवायचा.

"मावशी, हे गिऱ्हाइकाला कसं देऊ? खाणारा म्हणेल, पानाला देवी आल्या."

मावशी हसायची, पण घरी येऊन करपलेले वेल मोजायची. वेल एकदा करपला की नवा लावून त्याचं पान खुडायला वर्ष-दोन वर्षं जातात. एवढी वर्षं तिच्याजवळ होती का नव्हती, देव जाणे. आणि त्या मळ्याशिवाय तिला दुसरं काही नव्हतं.

ती चुनेवाल्याच्या गादीवर गेली. "शेठ, तुमची भट्टी माझा मळा खातेय."

चुनेवाला अदबीनं म्हणाला, "मावशी, भट्टी मुकादम चालवतो. मी नुसता चुना विकतो. तुम्ही त्याला सांगा."

ती डोंगर चढून मुकादमाकडं गेली. मुकादम म्हणाला, "माझ्याकडं पोती मोजून मागतात, म्हातारे. वाऱ्याचं मला कुणी काही बोललं नाही. तू शेठला विचार."

अशा चार खेपा झाल्या. मग तिचा दीर चिडला. "वहिनी, दरबारात फिर्याद लाव. भट्टीला कुलूपच ठोकू या!"

"तुमच्या सासऱ्यांनी विहिरीची फिर्याद लावली होती, तिचं काय झालं, भाऊजी?"

"निकाल लागला की."

"कधी?"

दीर जरा घुटमळला. "विहीर बुजल्यावर."

मावशी उठली. ठिपक्यांच्या पानांची करंडी काखेत मारली आणि मापाऱ्याकडं गेली.

हा मापारी म्हणजे पेठेतला एक वयस्कर माणूस. धान्य असो, गूळ असो, घेणारा आणि विकणारा यांच्या मधोमध तो तराजू धरून उभा राही. भाव करायचा नाही आणि कुणाची बाजू घ्यायची नाही, हेच त्याचं काम. म्हणून पेठेनं त्याच्याकडं आणखी एक काम सोपवलं होतं. कुणाच्या धंद्यापायी कुणाला इजा झाली, तर त्यानं त्या इजेची खूण आणून मोठ्या तराजूच्या एका पारड्यात ठेवायची. ज्याच्याबद्दल तक्रार असेल, त्यानं चार आठवडी बाजारांच्या आत येऊन समोर बसायचं. नाही आला तर दंड नाही, शिक्षा नाही, कुलूप नाही. पारडं तसंच राहायचं आणि कुणी विचारलं तर मापाऱ्यानं खरं तेवढंच सांगायचं.

मापाऱ्यानं करंडीतलं पान उलटसुलट करून पाहिलं. "मावशी, धूळ भट्टीचीच कशावरून? रस्त्याचीही असेल."

"रस्ता काय माझ्या वेलावर चढतोय होय रे?"

म्हातारा खुदकन हसला. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन मळा बघून आला, आणि मगच ती करंडी त्यानं पारड्यात ठेवली. दुसरं पारडं रिकामं सोडलं. चुनेवाल्याला निरोप धाडला : आपलं म्हणणं या पारड्यात ठेवायला यावं.

चुनेवाला हसला. "मापाऱ्यानं पोती मापावीत. माझं काय मापणार तो?"

पहिला बाजार गेला. दुसराही गेला. चुनेवाला त्या वाटेनं जायचा तेव्हा नको म्हटलं तरी डोळे तिकडं वळायचे. एका पारड्यात सुकत चाललेली पानं, दुसरं रिकामं. कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. लोक रामराम करत होते, पण नेहमीपेक्षा अर्धाच.

तिसऱ्या बाजाराला घाटाचा मिस्त्री चुना बघायला आला. तराजूपाशी थांबला. "बाबा, हे काय टांगलंय?"

"चुनेवाल्यांबद्दल तक्रार आहे. त्यांना बोलावलंय, अजून आले नाहीत."

"तक्रार खरी आहे का?"

"ते मी कसं सांगू? एकच बाजू ऐकली आहे."

चुनेवाला शेजारच्या दुकानात उभा राहून हे ऐकत होता. म्हाताऱ्यानं शिवी दिली असती तर तो भांडला असता. खोटं सांगितलं असतं तर पंच बोलावले असते. पण यात भांडायचं कशाशी?

तो घरी गेला, कसाबसा जेवला. बायकोनं पानाचं तबक पुढं केलं. रोज तो न बघता विडा तोंडात टाकायचा. त्या दिवशी त्यानं पान उलटं करून बघितलं. त्याच्यावर ठिपके होते.

"हे कुठलं पान?"

"आपल्याच गावचं," बायको म्हणाली. "हल्ली असंच येतं."

चौथ्या बाजाराला चुनेवाला मापाऱ्यासमोर जाऊन बसला. समोर मावशी होती.

मापारी म्हणाला, "इथली रीत साधी आहे. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मग ऐकणाऱ्यानं तेच बोलून दाखवायचं, समोरचा 'होय, हेच' म्हणेपर्यंत. मी निकाल देणार नाही. पटलं तर दोघांनी मिळून ठरवायचं, नाही पटलं तर उठून जायचं."

मावशीनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "भट्टी बंद झाली पाहिजे."

चुनेवाला म्हणाला, "मावशींचं म्हणणं, त्यांच्या पानांवर धूळ पडते."

"हे नाही," मावशी म्हणाली.

"मावशींचं म्हणणं, त्यांचं नुकसान होतं."

"हेही नाही. मी म्हटलं, चार वेळा मी तुमच्याकडं आले आणि चार वेळा तुम्ही मला दुसरीकडं पाठवलं."

चुनेवाल्यानं मान खाली घातली. ते बोलून दाखवायला त्याला बराच वेळ लागला. शेवटी म्हणाला, तेव्हा मावशी म्हणाली, "होय, हेच."

मग चुनेवाला बोलला. होळीचा वायदा, शहरातला घाट, भट्टीवर पोट असलेली चाळीस घरं. मावशीलाही ते बोलून दाखवताना दोनदा अडखळायला झालं.

"आता बघून येऊ," मापारी म्हणाला आणि उठला.

आधी ते मळ्यात गेले. बांधावर तिघांनी पायताणं काढली. नुकतंच पाणी सोडलेलं होतं, वेलांच्या सरीत गार चिखल होता. चुनेवाला चार पावलं चालला, दहा पावलं चालला आणि थबकला. तळपायाला आधी चुणचुण झाली, मग आग व्हायला लागली. ताजा चुना पाण्याला भेटला की काय करतो, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? पण आजवर त्यानं तो हातानं नाही, पोत्यांनी मोजला होता.

मावशीनं ओळखलं. तिनं आधी पाण्यानं त्याचे पाय चांगले धुवायला लावले, मग खोबरेलाची वाटी पुढं केली. "लावा, शेठ. आम्ही रोज संध्याकाळी लावतो."

यात टोमणा नव्हता. म्हणूनच चुनेवाल्याला ते बोलणं जास्त लागलं.

मग ते डोंगर चढून भट्टीवर गेले. तिथं बाया-माणसं नाकाला फडकी बांधून चुना कुटत होती. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, तरुण पोरीसुद्धा म्हाताऱ्या दिसत होत्या. त्यातली एक मावशीला म्हणाली, "तुम्हीच ना, भट्टी बंद करा म्हणता त्या? मग आम्ही कुठं जायचं, मावशी?" आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "डोळे मात्र आमचेही जळतात हो. आधी वारा फिरला की बसायला तरी मिळायचं."

भट्टी म्हणजे धूर आणि धूळ, एवढंच मावशीनं आजवर खालून पाहिलं होतं.

चुनेवाल्यानं मुकादमाला हाक मारली. "काठी कुठं आहे रे?"

"जाळली, शेठ. जळण कमी होतं."

चुनेवाल्याचा चेहरा लाल झाला. त्यानं मापाऱ्याकडं वळून सांगितलं, "सापडला चोर. याला आजच्या आज काढून टाकतो. मिटली तक्रार."

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. बोलली ती मावशी.

"त्याला काढून काय होणार, शेठ? उद्या दुसरा आणाल. त्यालाही होळीच सांगाल. तोही पोतीच मोजील."

चुनेवाला भट्टीच्या तोंडाशी काठीच्या जागी उरलेल्या खड्ड्याजवळ जाऊन उभा राहिला. तळपाय अजून हुळहुळत होते. मुकादमाच्या नावावर सगळं ढकलून मोकळं व्हायची ही शेवटची वेळ होती, हे त्याला कळत होतं.

"काठी माझ्या बापाची होती," तो शेवटी म्हणाला. "आणि भट्टी माझी आहे. मी नुसता चुना विकत नव्हतो."

तिथून पुढं बोलणं सरळ झालं. तिथल्या दगडावरच बसून त्यांनी ठरवलं. काठी पुन्हा रोवायची, वारा मळ्याकडं असला की भट्टी उघडायची नाही. चुना कुटायला चार भिंतींचं आवार बांधायचं. धूळ अडवायला मळ्याच्या कडेला शेवरीची दाट झाडं लावायची. जे वेल गेले, त्यांच्या जागी नवे वेल लावायला भट्टीची माणसं चुनेवाल्यानं द्यायची, आणि नवं पान येईस्तोवर मावशीच्या घरचं दाणापाणी त्यानं बघायचं. मावशीनं कुलुपाचा हट्ट सोडायचा. आणि मुकादमाला होळी नाही, वारा विचारायचा.

"पण होळीचा वायदा?" मुकादमानं विचारलं.

"ते मी बघतो," चुनेवाला म्हणाला. या वेळी 'तू बघ' नाही म्हणाला.

तो शहरात मिस्त्रीकडं गेला आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत मागितली. मिस्त्रीनं ऐकून घेतलं, पण अर्धी पोती दुसऱ्या गावच्या चुनेवाल्याकडून घ्यायचं ठरवलं. घाट काय थांबणार होता? परत आल्यावर मापाऱ्यानं विचारलं, "जड गेलं का, शेठ?"

"गेलं," चुनेवाला म्हणाला. "पण त्या दिवशीच्या तळव्यांपेक्षा कमी."

एवढं झालं तरी मापाऱ्यानं करंडी पारड्यातून काढली नाही. "ठरवणं एक आणि होणं एक," म्हणाला. दर महिन्याला काठी टेकत जायचा, मळा बघायचा, भट्टी बघायचा आणि परत यायचा. नव्या काठीला बांधायला लाल फडकं मावशीनंच दिलं, आपल्या जुन्या लुगड्याचं.

वर्ष सरलं. दुसऱ्या श्रावणात नव्या वेलांचं पहिलं पान खुडलं गेलं. मावशी ते घेऊन पेठेत आली. तांबोळ्यानं ते उजेडात धरलं, फिरवून फिरवून बघितलं आणि करंडी ठेवून घेतली.

त्या दिवशी मापाऱ्यानं जुनी वाळकी करंडी खाली उतरवली. मावशीनं तिच्या जागी एक हिरवं पान ठेवलं. रिकाम्या पारड्यात चुनेवाल्यानं चुन्याची डबी ठेवली. तराजू डबीकडं कलला, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्यानं दोन्ही उचललं, सुपारी घातली आणि विडा केला. तोंडात दात नव्हते, म्हणून खलबत्त्यात कुटून खाल्ला.

"एवढीच माझी दलाली," तो म्हणाला.

त्याच वेळी डोंगरावर लाल फडकं मळ्याकडं उडत होतं. भट्टी बंद होती. माणसं सावलीत बसून भाकरी खात होती, आणि मावशीनं पाठवलेली पानं त्यांच्यात फिरत होती.

ऐकलंत ना? मग तात्पर्य तेवढं ध्यानात ठेवा : आपल्या धंद्याची धूळ कुणाच्या मळ्यावर पडते, हे ज्यानं त्यानं स्वतः जाऊन बघावं, आणि कुणी तक्रार घेऊन आलंच, तर त्याला दुसऱ्याचं दार दाखवू नये, समोर बसवून ऐकावं.