काइंडलीची जागा

संस्थानच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीचा वर्ग नुकताच सुरू झाला होता, तोच तपासणीला टर्नबुल साहेब आले. मुलींनी इंग्रजी शिकावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी सुंदरीला उभं केलं आणि ‘त्यांना प्रेमाने वागव’ याचं इंग्रजी विचारलं. पोर चाचरत म्हणाली, “ट्रीट काइंडली देम.”

साहेब चांगल्या मराठीत गरजले, “साफ चूक! आधी क्रियापद, मग सर्वनाम आणि शेवटी क्रियाविशेषण. ट्रीट देम काइंडली! तुमची भाषाच उलटी, या काय शिकणार? वर्ग बंद करा.”

सुंदरीचे डोळे भरून आले. तिच्या शिक्षिका द्वारकाबाई पुढे झाल्या.

“चूक खरी, साहेब. पण मराठीत ‘प्रेमाने’ आधी येतं आणि वागवणं मागून. तुमच्याकडे आधी माणसाला वागवून घेतात, प्रेमाचं शेवटी बघतात. पोरीला तेवढा उशीर सोसवला नाही, म्हणून तिनं ‘काइंडली’ जरा अलीकडे ओढलं.”

साहेब गोरेमोरे झाले. मग मात्र त्यांना हसू आवरेना.

“बाई, निकाल मराठीच्या चालीनं देतो,” ते म्हणाले. “प्रेमाने सांगतो, वर्ग चालू द्या.”