पंधरा पोर्ट आणि एक फोन

एका धरणाखालच्या गावात वसंत गुरव नावाचा एक तंत्रज्ञ राहत होता. कीबोर्डावर त्याची बोटं अशी चालत, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

धरणाच्या कचेरीत सोळा पोर्टांची, म्हणजे तारा जोडायच्या खाचांची, एक पेटी होती. नदीच्या वरच्या अंगाला पाणी मोजणारी यंत्रं होती आणि प्रत्येकाची तार एकेका पोर्टात येई. पोर्टाचं नाव काय, आकडे घ्यायचा वेग किती, हे वसंत काळ्या पडद्यावर हुकूम लिहून ठरवी. यंत्रांच्या आकड्यांवरूनच धरणाचे दरवाजे उघडत आणि खाली पात्रात मासे धरणाऱ्या भोयांना सावध केलं जाई.

कचेरीत एक रीत होती. हुकूम लिहिला की शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच एंटर दाबायचं. ती शेजारच्या टेबलावरच्या, वयाने वडील कुसुमताईंनी घालून दिली होती. वसंतला तिचं हसू येई. "ताई, मी काय बालवाडीत आहे?"

श्रावणातल्या एका दुपारी सातव्या पोर्टाचा वेग बदलायचा होता. ताई जेवायला गेल्या होत्या. वसंतने हुकूम लिहिला, एंटर दाबलं आणि चहा घेतला. पोर्टाचा आकडा लिहायचा मात्र राहूनच गेला. आकडा नसला की ती पेटी हुकूम सगळ्याच पोर्टांना लावी. झालं! वेग जुळेना आणि बाकीची पंधरा यंत्रं मुकी झाली.

पडदा काही कोरा झाला नाही. शेवटचे आकडे तसेच दिसत राहिले. वीस मिनिटांनी वसंतचं लक्ष गेलं. श्रावणात नदी इतकी स्थिर?

पंधरा पोर्ट पुन्हा लावायला तासभर लागला असता. गुपचूप लावले असते तर कुणाला कळलंही नसतं. पंधरा वर्षांची अब्रू वाचली असती. पण खाली पात्रात भोई जाळी टाकून बसले होते, लेकराबाळांसकट. वसंतने फोन उचलून धरणाच्या साहेबांना लावला.

"साहेब, पडद्यावरचे आकडे खोटे आहेत. चूक माझी आहे. आधी पात्रातली माणसं बाहेर काढा."

भोंगा वाजला. वरच्या गावांना फोन केले, तेव्हा कळलं की पाणी दोन माणसं उंच चढलंय. माणसं काठावर आली, मगच दरवाजे उघडले.

ताई जेवण टाकून धावत आल्या. शेजारी खुर्ची ओढून बसल्या. वसंत एकेक हुकूम मोठ्याने वाचत गेला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा भोई कचेरीत आला. वसंत म्हणाला, "बाबा, माझ्यामुळे उशीर झाला."

म्हातारा म्हणाला, "होडी गेली रं. पर नातवंडं राहिली."

तात्पर्य: हात कितीही सराईत असला तरी दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लाजू नये, आणि चूक झालीच, तर निस्तरण्याआधी ती सांगावी.