एका पट्टीवरची दोन भिंगं

कॅमेरा छातीशी धरून वरून त्यात डोकावायचे, त्या काळची ही गोष्ट. फोटोग्राफर हणमंतरावांच्या कॅमेऱ्याला दोन भिंगं होती, एकाच पट्टीवर बसवलेली. बाजूची चकती फिरवली की दोन्ही बरोबरीनं पुढंमागं सरकत. वरचं भिंग काचेवर चित्र दाखवी आणि खालचं फिल्मवर फोटो उतरवी.

“पाहायचं मी, आणि नाव मात्र तुझं,” असं म्हणत वरचं भिंग एकदा रागानं आपल्या आट्यांतून किंचित बाहेर सरकलं.

त्याच दिवशी आघाडीवर निघालेला एक शिपाई आईला घेऊन फोटो काढायला आला. फिल्मवर एकच फोटो उरला होता आणि गाडीची वेळ होत आली होती. हणमंतरावांनी चकती फिरवली. काचेवर आई आणि लेक लख्ख दिसले.

“तू जागचं ढळलंयस,” खालचं भिंग घाबरून म्हणालं. “तुझ्याकडे लख्ख, म्हणजे माझ्याकडे धूसर.”

वरच्या भिंगानं आईकडे पाहिलं. ती लेकाची बाही घट्ट धरून उभी होती. हणमंतरावांचं बोट खटक्यावर टेकलं. भिंगाला एकट्याला परत आत शिरता येईना. मग त्यानं अंग पार सैल सोडलं आणि ते खडखडलं.

“हे ढिलं झालंय वाटतं,” म्हणत हणमंतरावांनी त्याचे आटे घट्ट पिळले आणि चकती पुन्हा फिरवली.

“मला दिसले,” वरचं भिंग हळूच म्हणालं. “आता तू धर त्यांना.”