सरपंचांची इटालियन गाडी आणि बाबालालचा टेम्पो

आमचे सरपंच सयाजीराव यांनी इटलीची लाल मोटारसायकल आणली आणि अख्ख्या गावाला आपापल्या स्कूटरींची लाज वाटायला लागली. गाडी देखणी, पण जावयासारखी रुसायची. उन्हात तापायची, पावसात बंद पडायची, आणि तिचा मेकॅनिक बसलेला पुण्यात. सयाजीराव मात्र सांगायचे, "सर्व्हिसिंगला वाऱ्यासारखा जाऊन येतो."

एकदा ग्रामसभेत त्यांनी फर्मान काढलं, की चौकातला बाबालालचा टेम्पो हलवा, तिथं माझी गाडी उभी राहील. बाबालालला सगळी भाडी त्याच चौकात मिळायची. तो हात जोडून उभा राहिला.

"अरे, तुझं खटारं माझ्या गाडीशेजारी शोभतं का?" सरपंच म्हणाले. "पुण्याच्या रस्त्यावर तिला कधी गाठलंयस? गाठलं असशील तर सांग, टेम्पो तिथंच राहील."

"गाठलंय की, सरपंच. दर वेळी आम्ही दोघं एकदमच पोचतो. तुमची गाडी एकदाही माझ्या पुढं गेली नाही."

"असं कसं रे?" मी आपलं भोळेपणानं विचारलं.

"मागं हौद्यात ताडपत्रीखाली बांधलेली असते ना, काका."

सभा हसून लोळली. सयाजीरावांची मान अशी खाली गेली, की विचारल्याची मलाच लाज वाटली, घटकाभर. बाबालालही ओशाळून अंगठ्यानं माती उकरत राहिला.

सभा पांगल्यावर सरपंच त्याच्याजवळ आले आणि कुणी बघत नाहीसं पाहून हळूच म्हणाले, "टेम्पो राहू दे इथंच. उद्या सकाळी रिकामा आहेस का?"