एकविसावी गाठ

माणगंगेच्या वळणावर कोळवडी म्हणून एक गाव आहे. ठिगळनाथ महाराज त्या गावी आले ते तीन दिवसांसाठी आणि राहिले सोळा वर्षं. कफनीला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं, हे महाराजांनाही सांगता येत नसे. नदीकाठच्या चिंचेखाली त्यांची बैठक असे. ती चिंच आंबट होती; महाराज बसू लागले आणि गोड झाली. गोड झाली म्हणून पोरं इतके दगड मारू लागली की महाराजांनीच तिला पुन्हा आंबट व्हायला सांगितलं. असो. कथा चिंचेची नाही, कावडीची आहे.

दर चैत्रात कोळवडीची कावड नदीचं पाणी घेऊन डोंगरावरच्या महादेवाला जाई. तांब्याचे दोन हंडे, मध्ये बांबू, आणि तीन दिवसांची उभी चढण. या कावडीला खांदा द्यायचा तर आधी एकवीस दिवसांचं व्रत करावं लागे. एक वेळचं जेवण, घोंगडीवर झोप, अनवाणी पाय, जिभेवर वावगा शब्द नाही. रोज सकाळी नदीत बुडी मारायची आणि सूर्य डोंगरावर दिसला की मनगटावरच्या सुती धाग्याला एक गाठ मारायची. ज्याच्या धाग्याला एकवीस गाठी, त्याचा कावडीला खांदा. मग तो बाप्या असो की बाई. घरात सोयर किंवा सुतक आलं तर धागा तोडायचा. मात्र एकदा कावड उचलली की मागं घरी काहीही घडो, त्याचा विटाळ नाही.

पूर्वजांनी नियम एवढेच घालून दिले होते. पण गावचे पाटील आणि कावडीचे मानकरी हैबतराव यांना एवढ्यावर समाधान कसं व्हावं? पहिला खांदा त्यांच्या घराण्याचा, सात पिढ्यांचा. त्यांनी आपल्या पदरचं एक कलम जोडलं: बाळंतिणीला जो शिवेल त्याचाही धागा तुटला!

आता सांगा, गावात बाळंतिणीला शिवतं कोण? सुईण. आणि सुईण गावात एकच, सारजा. म्हणजे हे कलम कुणासाठी होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

सारजाची इच्छा एवढीच होती की आपल्या खांद्यावरून गेलेलं पाणी एकदा तरी महादेवाच्या पिंडीवर पडावं. सात वर्षं ती बिचारी व्रत धरत होती. कधी नवव्या दिवशी, कधी सोळाव्या, एकदा तर विसाव्या दिवशी कुणाच्या तरी घरून बोलावणं येई. सारजा जाई. दुसऱ्या दिवशी हैबतराव भरल्या चावडीत तिचा हात पुढे करवून विळ्यानं धागा तोडत आणि मिशीवर हात फिरवत म्हणत, "सारजे, महादेव तुझी वाट बघून बघून म्हातारा झाला गं!" लोक हसत. ज्यांची पोरं तिच्या हातांवर उतरली होती तेही हसत! सारजा मात्र तुटलेला धागा उचली आणि पदराच्या टोकाला बांधून घरी जाई.

आठव्या वर्षी नवल घडलं. वीस दिवस गेले, वीस गाठी झाल्या, आणि गावातून एकही बोलावणं आलं नाही. एकविसाव्या दिवशी सारजा कमरेइतक्या पाण्यात सूर्याची वाट बघत उभी होती. तेवढ्यात काठावरून कुणीतरी धापा टाकत हाक मारली. बघते तर हैबतरावांची बायको, तानूबाई.

"सारजे, धाव गं! आमच्या गजराला पहाटेपासनं कळा चालू हायेत."

गजरा ही हैबतरावांची सून. तिचा नवरा कावडीचा मुक्काम बघायला आदल्या दिवशीच पुढं गेला होता.

"मग बोलावणं का न्हाई धाडलं?" सारजानं विचारलं.

"मालकांनी धाडू दिलं न्हाई. म्हणाले, कावड उचलायच्या आत बाळ झालं तर सोयर लागंल, पहिला खांदा जाईल. वैरणीच्या खोपीत घातलीया तिला, भायेरनं कडी लावून. म्हणाले, सांग तिला, कावड वेशीबाहेर जाईस्तवर दम धर."

"दम धर? आन् बाळाला कोण सांगणार? त्याला काय चावडीचा हुकूम कळतो व्हय?"

मंडळी, जनावर अडलं तरी माणूस गोठ्यात रात्र काढतो. आणि इथं घरची सून अडलेली, आणि हा गृहस्थ कपाळाला भस्म लावून कावडीला फुलं बांधत होता! याला व्रत म्हणायचं?

सारजानं मनगटाकडं पाहिलं. सूर्य वर यायला घटकाभराचा अवकाश होता. एक गाठ, फक्त एक. तिनं डोळे पुसले आणि ओल्या लुगड्यानिशी पळत सुटली. चिंचेखालून जाताना महाराज म्हणाले, "चाललीस, सारजे?"

"चालले, महाराज. यंदाबी तुटला माझा धागा."

"तुटला की नाही, ते विळा ठरवत नसतो. पळ!"

इकडे सूर्य वर आला. घाटावर ढोल वाजू लागले. व्रतकऱ्यांनी एकविसावी गाठ मारली. हैबतराव पुढं झाले, त्यांनी "हर हर महादेव" म्हणून बांबूला खांदा लावला आणि जोर केला. कावड हलेना. चौघांनी हात लावला, हलेना. बाराजणांनी लावला, तर बाराहीजणांच्या कमरा धरल्या, कावड तिथंच. शेवटी दोर बांधून आठ बैलजोड्या जुंपल्या. दोर असा तुटला की म्हाताऱ्या चौगुल्यांचं पागोटं उडून पलीकडच्या गावात पडलं, ते तिसऱ्या दिवशी परत आलं. बैल शहाणे, ते खाली बसले आणि हैबतरावांकडं बघत रवंथ करू लागले.

लोक घाबरून महाराजांकडं धावले. महाराज उठून कावडीपाशी आले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "हैबतराव, घरी सगळं कुशल आहे ना?"

"कुशल आहे, महाराज."

कावड वाळूत बोटभर रुतली.

"सूनबाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. माहेरी धाडलंय."

कावड वीतभर खाली गेली. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. कुणीतरी मागून कुजबुजलं, "आवं पाटील, आता गप बसा, न्हाईतर हंडे पाताळात जातील!"

महाराज तिसऱ्यांदा बोलले, आणि आता त्यांचा आवाज चढला होता. "हैबतराव, कडी लावताना हात कचरला नाही तुमचा?"

आणि त्याच क्षणी बाळाच्या रडण्याचा आवाज आला. खोप तिथून अर्ध्या कोसावर, मध्ये मळे, बांध, ओढा. पण तो आवाज असा आला, जणू कुणी कानाशी शंख फुंकला. ढोलकऱ्यांच्या टिपऱ्या गळून पडल्या.

थोड्या वेळानं सारजा आली. लुगडं अंगावरच वाळलेलं, चेहरा थकलेला. म्हणाली, "पाटील, नातू झाला. नाळेचे गळ्याला दोन वेढे होते, निळा पडला होता. अजून थोडा उशीर झाला असता तर हाताला लागला नसता. गजरा सुखरूप हाय. तानूबाई बसल्यात जवळ."

नातू झाला म्हणजे सोयर लागलं आणि पहिला खांदा गेला. एखाद्याला यावर तरी शरम वाटली असती. पण अहंकाराची मुळं फार खोल असतात. हैबतरावांचं लक्ष तिच्या रिकाम्या मनगटाकडं गेलं आणि ते ओरडले, "हिचा धागा बघा! विटाळाची बाई घाटावर आली, म्हणून कावड अडली! लांब हो!"

तेव्हा ठिगळनाथ महाराज असे कडाडले की चिंचेवरचे बगळे उडाले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

"विटाळ? अरे, तू आभाळातून पडलास काय? या बाईच्या सुईण सासूनं तुला ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्या पहिल्या हातांचा विटाळ झाला नाही तुला? एकवीस दिवस एक वेळ जेवलास आणि पोटातल्या जिवाला दाराआड कोंडलंस! घोंगडीवर झोपलास आणि सुनेला गवतावर तडफडत टाकलंस! देवाकडं जायची तयारी म्हणतोस हिला? नुसती कातडी धुतलीस रे, हैबत्या!"

मग महाराजांनी सारजाकडं वळून मऊ आवाजात विचारलं, "बाई, धागा कुठं गेला?"

सारजा खाली बघत म्हणाली, "नदीवरनं तशीच पळाले, महाराज. संगं काही न्हवतं. बाळाची नाळ बांधाया स्वच्छ सूत मिळंना. मग मनगटाचा धागा सोडला आन् त्यानंच बांधली. मागचे सात धागेबी असेच लावले, ज्या घरी पुढं बोलावणं आलं त्या घरी. व्रताचं सूत टाकवत न्हाई वो."

गर्दीतल्या कित्येक आयांचे हात आपापल्या लेकरांच्या पोटावर गेले. मागच्या सात वर्षांत जे हसले होते, ते जमिनीकडं बघू लागले.

"किती गाठी होत्या?" महाराजांनी विचारलं.

"वीस."

"नाळ बांधताना?"

सारजा गोंधळली. "एक मारावीच लागती की, महाराज."

महाराज हसले. "ऐकलंत? हिच्या एकवीस झाल्या. तुम्ही सगळ्यांनी शेवटची गाठ सूर्याकडं बघून मारलीत. हिनं मारली, तेव्हा सूर्य हिच्याकडं बघत होता. चल बाई, खांदा लाव. कावड मघापासून तुझीच वाट बघतेय."

सारजानं पदर सावरला, बांबूला खांदा लावला, आणि ती कावड, आठ बैलजोड्यांना न हललेली, शेवरीच्या कापसासारखी वर आली! वाळूत जिथं हंडे रुतले होते, तिथं दोन झरे फुटले. त्यांचं पाणी कोमट होतं. कोळवडीच्या बाळंतिणींच्या पहिल्या न्हाणीला ते पाणी अजून नेतात.

पागोटं काढून हैबतराव महाराजांच्या पायांवर पडायला वाकले, पण महाराजांनी पाय मागं घेतले.

"इथं काय शोधतोस? ज्या दाराला कडी लावलीस, त्या दाराशी जा."

हैबतराव सारजाकडं वळले, तिच्यापुढं हात जोडले. सारजा कावडीखालून म्हणाली, "पाटील, आधी घरी जावा. गजराला पेज द्या, गरम द्या. आन् खोपीच्या झरोक्याला घोंगडी लावा, बाळाला वारं लागंल."

ढोल पुन्हा वाजू लागले. पहिला खांदा सारजाचा, आणि मागं सारी कोळवडी, अशी कावड वेशीबाहेर पडली. चढणीच्या पहिल्या वळणावर लोकांनी मागं वळून पाहिलं. खाली मळ्यात वैरणीची खोप दिसत होती. झरोक्याला व्रताची घोंगडी लावलेली होती, दार सताड उघडं होतं, आणि उंबऱ्याशी उघड्या डोक्याचा एक माणूस कपाळ मातीला टेकवून पडला होता. आतून बाळ रडत होतं, तरी तो डोकं वर करत नव्हता.