शमशू भटाऱ्याचे साबूत कोफ्ते

“मीठ कमी पडतंय का? मसाला? का गावचं पाणीच बदललंय? बाबा, काहीतरी बोला की!”

नूरशाबाबांनी चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं आणि घोंगडी खांद्यावर नीट घेतली.

शमशू पाट्यापुढं बसला होता. पाटा त्यानं गावातून मोटारसायकलवर बांधून आणला होता. वरवंटा आणला होता, खिमा आणला होता, हाडं आणली होती, मसाल्याचे डबे आणले होते, आणि सगळ्यांत जपून आणलं होतं ते आईचं पातेलं. खिंडीचा रस्ता असा की रिकामा माणूसही धापा टाकत वर येतो. पण शमशूला रस्त्याचं काही वाटलं नव्हतं. त्याचा जीव टांगणीला लागला होता तो घरी खाटेवर पडलेल्या बापापायी.

बालाघाटाच्या या खिंडीत बाबांचा तकिया आहे. तकिया म्हणजे तरी काय, एक दगडी ओटा, एक लिंब, पत्र्याची एक खोली आणि तीत राहणारा हा म्हातारा फकीर. पौषाच्या थंडीत इथं दिवस मावळायच्या आधीच हात गारठतात.

“अब्बा काय म्हणतात?” बाबांनी विचारलं.

“काय म्हणणार? खात नाहीत. अम्मा पावसाळ्यात गेली, तेव्हापासून नुसता चहा न् बिस्कीट. आता या थंडीत म्हणाले, शोरवा खावासा वाटतोय, कोफ्त्याचा. मला किती आनंद झाला, बाबा! लगेच केला. वाडगं पुढं ठेवलं. त्यांनी आत बघितलं, एक घोट घेतला…”

“आणि?”

“सरकवून दिलं. म्हणाले, हा तिचा नाही.”

शमशूनं वरवंटा उचलला. खिम्यात भाजकं डाळं घातलं, खसखस घातली, आलं-लसूण, हिरवी मिरची, मूठभर पुदिना घातला, आणि सगळा राग पाट्यावर काढला.

आता या माणसाची ओळख करून द्यायला हवी. शमशुद्दीन पिंजारी. बाप कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा. पोरगा मात्र कापसात रमला नाही, तो झाला भटारी, लग्नकार्यात डेगी चढवणारा. आणि झाला तो असा की चार तालुक्यांत त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. त्याच्या बिर्याणीचं लोक कौतुक करायचेच, पण त्याचं खरं नाव होतं कोफ्त्यासाठी. हंडाभर शोरव्यात शेकड्यानं कोफ्ते सोडावेत आणि एकही फुटू नये! दुसरे भटारी त्याच्या डेगीत डोकावून तोंडात बोट घालायचे. मग शमशूच्या नाकावर माशी बसणं अवघडच होतं.

अशा माणसाचा शोरवा त्याच्याच बापानं सरकवून दिला होता. तोही दर खेपेला.

“पुन्हा केला,” शमशू सांगू लागला. “मिरे वाढवले. त्यानंतर सुंठ घातली. मग म्हटलं, अम्मा चुलीवर करायची, मी गॅसवर करतोय. चूल मांडली. तेच. अब्बा वाडग्यात बघतात, म्हणतात, सगळे साबूत आहेत रे… आणि सरकवून देतात.”

“सगळे साबूत आहेत, असं म्हणतात?”

“हो. म्हणजे कौतुक करतात, बाबा. हाताला नावं ठेवत नाहीत. पण खात नाहीत. शेवटी चिडून म्हटलं, अब्बा, कमी काय आहे ते तरी सांगा. तर म्हणाले, फकिराला विचार.”

बाबांनी मान हलवली.

शमशूनं हाताला पाणी लावलं आणि गोळे वळायला घेतले. या तळव्यावरून त्या तळव्यावर, हलक्या हातानं, भेग म्हणून राहू द्यायची नाही. पाहत राहावं असं ते वळणं होतं. बाबाही पाहत राहिले.

“अम्मा अशीच वळायची का रे?”

शमशू हसला.

“खरं सांगू का? अम्माचा हात तसा कच्चाच होता, बाबा. चव होती, देवानं दिलेली होती. पण कोफ्ता जमत नव्हता तिला. दर जुमेरातीला एक तरी फुटायचाच.”

“कुणाचा फुटायचा?”

“तिचाच. मी न् राबिया टाळ्या पिटायचो. अम्माचा फुटला, अम्माचा फुटला! तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, मोठा झालो की असे कोफ्ते करीन की कुण्णाचा फुटणार नाही.”

“हं…” बाबा म्हणाले.

पातेल्यात हाडांचं पाणी उकळत होतं. कांदा त्यात विरघळला होता, दालचिनी-लवंगेचा वास लिंबाखाली भरला होता. शमशूनं एकेक कोफ्ता कडेनं आत सोडला. मग डाव बाजूला ठेवला. कोफ्ते घट्ट होईपर्यंत डाव घालायचा नसतो. फडक्यानं दोन्ही कान धरून पातेलंच अलगद हिंदकळवायचं, ही त्याची रीत.

वासाबरोबर त्याला घर आठवलं. पत्र्याच्या घरातली जुमेरातीची, गुरुवारची संध्याकाळ. दिवसभर टण्‌टण् वाजणारी अब्बांची पिंजण थांबलेली. अब्बांच्या भुवयांत, मिशीत कापूस. बाहेर अशीच थंडी, आणि आत नव्या रजईत पाय घालून बसलेली दोघं भावंडं, तो न् राबिया, वाडगी मांडीवर घेऊन. अम्मा शोरवा वाढायची. माणशी एक कोफ्ता, चांगला मुठीएवढा. आठवड्यातनं तेवढंच मटण घरात यायचं. त्या वेळी आपण किती सुखात होतो, हे शमशूला आत्ता चुलीपाशी बसून कळलं, आणि त्याला घरी पुन्हा लहान होऊन जावंसं वाटलं.

“बाबा, तुम्ही तर अम्माच्या हातचं खाल्लंय. दर जुमेरातीला यायचात आमच्या दारी.”

“यायचो.”

“मग तुम्हाला ठाऊक असणार. कोफ्त्यात ती काय घालायची?”

“कोफ्त्याचं मला काय विचारतोस?” बाबा म्हणाले. “इतकी वर्षं तुमच्या दारी आलो. तुझ्या अम्मानं, जैतूनबीनं, मला एकदासुद्धा कोफ्ता दिला नाही.”

शमशूचे हात थांबले.

त्याला ते चांगलंच लागलं. म्हातारा फकीर झाला म्हणून काहीही बोलेल?

“माझी अम्मा कंजूस नव्हती, बाबा.”

“मी कुठं म्हटलं कंजूस होती?”

“दारी आलेल्या माणसाला तिनं कधी रिकामं पाठवलं नाही.”

“नाहीच पाठवलं. वाडगं काठोकाठ भरून द्यायची. नुसता शोरवा. कोफ्ता नाही…” बाबा जरा थांबले. “तसला शोरवा पुन्हा कुठं मिळाला नाही मला.”

शमशूला यातलं काही उमगलं नाही. रागही गेला नव्हता. त्यानं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आत बघितलं, आणि एवढ्या रागातही त्याला बरं वाटलं. नितळ शोरव्यात कोफ्ते मांडून ठेवल्यासारखे होते. गोल, घट्ट, एकाला चीर नाही.

“बघा,” तो म्हणाला.

बाबा वाकले. त्यांनी बघितलं.

“सगळे साबूत आहेत रे…”

अब्बांचे शब्द. तोच सूर. शमशूनं चमकून वर पाहिलं.

बाबांनी डाव उचलला होता. त्यांनी त्यातला सगळ्यांत देखणा कोफ्ता निवडला, पातेल्याच्या कडेला आणला आणि डावाच्या पाठीनं दाबला.

“बाबा!”

कोफ्ता फुटला. बाबांनी तो आणखी चेचला, पार भुगा होईपर्यंत, आणि शोरवा तळापासून ढवळला. नितळ पाणी गढूळलं. खसखस, डाळं, खिमा सगळं त्यात मिसळलं. एक उकळी आली, आणि शोरवा जरा दाट झाला. शमशूनं आयुष्यात आपल्या डेगीत असलं काही होऊ दिलं नव्हतं. त्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं.

बाबांनी नुसता शोरवा वाडग्यात घेतला आणि त्याच्या पुढं धरला.

“घे.”

शमशूनं घोट घेतला.

मग आणखी एक, मोठा.

तोच होता. तीच अंगात उतरत जाणारी ऊब, जिभेवर राहणारा तोच दाटपणा. अम्माचा शोरवा. उणीव मिऱ्यांची नव्हती, सुंठेची नव्हती, चुलीचीही नव्हती.

“म्हणजे… ती…”

बाबा चुलीकडं बघत होते.

आता शमशूला ते सगळं दिसू लागलं, जे लहानपणी दर जुमेरातीला डोळ्यांपुढं असून दिसलं नव्हतं. अम्मा वाढायला बसायची. दाराशी फकिराचा आवाज यायचा. अम्मा दिव्याकडं पाठ करायची, पातेल्यात डाव घालायची, आणि मग वळून हसत म्हणायची, “घ्या, माझा फुटला!” की यांच्या टाळ्या. दर वेळी फकीर आला की फुटायचा. दर वेळी तिचाच फुटायचा. अख्खा कोफ्ता तिनं बाहेर दिला असता, तर आपल्याला दिसलं असतं, तो कुणाच्या वाटचा गेला ते. फकिरालाही दिसलं असतं.

आणि आपण टाळ्या पिटत होतो. पुढं गावभर सांगत फिरलो, आईचा हात कच्चा होता.

शमशूला रडू आलं. एवढा मोठा भटारी, पण वाडगं हातात घेऊन लहान पोरासारखा रडला. बाबांनी त्याला थांबवलं नाही.

“अब्बांना ठाऊक होतं?” त्यानं नाक पुसत विचारलं.

“तूच सांग.”

शमशूनं आठवून पाहिलं. अब्बा जेवताना काय करायचे? अब्बा कोफ्ता कधी पुरा खायचेच नाहीत. अर्धा झाला की पोटावर हात फिरवायचे, “बस्स, भरलं,” म्हणायचे, आणि वाडगं अम्माकडं सरकवायचे. अम्मा कुरकुरायची, “दर वेळी टाकता! आता वाया कशाला घालवायचं?” आणि तो अर्धा खायची. शमशूला वाटायचं, दिवसभर कापूस नाकातोंडात जाऊन अब्बांची भूकच मेलीय.

“ठाऊक होतं,” तो हळूच म्हणाला. “पण दोघं कधी एका शब्दानं बोलली नाहीत…”

“शमशू.”

“जी?”

“अब्बाला किती कोफ्ते वाढतोस?”

“चार. पाच. आता काय कमी आहे, बाबा? अल्लाच्या दयेनं पुष्कळ आहे.”

“आणि तू?”

“मी कुठं? मी समोर उभा असतो. काही लागलं-सवरलं तर. भटारी सगळ्यांच्या मागनं जेवतो, आमची तशी रीतच आहे.”

“अब्बाच्या घरीसुद्धा?”

खाटेवर बसलेले अब्बा शमशूच्या डोळ्यांपुढं आले. मांडीवर काठोकाठ भरलेलं वाडगं, त्यात पाच साबूत कोफ्ते, शेजारी कुणी नाही. आणि पायथ्याशी हात बांधून उभा असलेला आपण, अब्बा कधी वाहवा म्हणतात त्याची वाट बघत.

वाडगं सरकवायचे ते. दर खेपेला सरकवायचे. आपण ते उचलून मोरीत ओतत होतो.

मावळतीचं ऊन डोंगरमाथ्यावर सरकलं होतं. खाली गावातून धूर निघायला लागला होता. शमशू उठला. भराभरा त्यानं मसाल्याचे डबे पिशवीत भरले, पाटा सीटवर बांधला. उरलेला खिमा कापडात गुंडाळला. पातेलं तसंच बाबांच्या चुलीपाशी ठेवलं.

“हे तुम्हाला. पातेलं उद्या नेतो. घरी जाऊन नव्यानं करतो, अब्बा जागे आहेत तोवर व्हायला पाहिजे.” तो घुटमळला. “किती वळू, बाबा?”

“जेवणारे किती?”

“अब्बा…” शमशू थांबला. “अब्बा आणि मी. दोघं.”

“मग दोन वळ.”

शमशूनं मोटारसायकलला किक मारली. ती सुरूही झाली. पण तो निघाला नाही. त्यानं पुन्हा वळून विचारलं,

“आणि त्यातला फोडायचा कुठला?”

बाबांनी घोंगडी सावरली. पातेल्यातून आपल्यासाठी वाडगंभर शोरवा घेतला, नुसताच, आणि ते चुलीपाशी उकिडवे बसले.

“तुझ्या वाटचा.”