शून्याहून कमी बेकार

"गेल्या पौर्णिमेला आपल्या राज्यात बेकार किती होते?" राजा वीरबाहूने भर दरबारात विचारलं.

"एकही नाही, महाराज!" प्रधान छाती फुगवून म्हणाला.

"छान! मग या पौर्णिमेला त्याहून कमी हवेत!"

प्रधानाची फुगलेली छाती जागच्या जागी बसली.

राजाचाही नाइलाज होता. दर पौर्णिमेला राज्यातल्या बेकारांचा आकडा जाहीर व्हायचा आणि दर पौर्णिमेला तो घटायचाच. राजाला त्याची चटकच लागली होती. आकडा घटावा म्हणून त्याने रिकाम्या माणसांना कसली कसली कामं लावली होती! एक जण रस्त्यावरचा पाला झाडायचा आणि दुसरा तो पुन्हा पसरायचा. विहिरीवर एक पहारेकरी होता आणि त्याला झोप लागू नये म्हणून शेजारी गाणारा एक. असं करत करत आकडा शून्यावर आला. राजा खूश झाला. तेवढ्यात नदीपलीकडच्या राजाने निरोप धाडला, 'तुमचा आकडा घटायचा थांबला म्हणे? अरेरे!'

हे 'अरेरे' राजाच्या जिव्हारी लागलं.

प्रधानाने मान डोलावली आणि ती कामगिरी कारभाऱ्याच्या गळ्यात घातली. कारभाऱ्याने ती हवालदाराच्या गळ्यात घातली. हवालदाराच्या हाताखाली कोणीच नव्हतं, म्हणून त्याने दवंडी पिटणाऱ्या सुभानाला गाठलं.

"उद्या पौर्णिमा. दरबारात आकडा तू सांगायचास. शून्याहून कमी! नाहीतर तुझी हलगी जमा!"

"पण सरकार, मग मीच बेकार होईन. आकडा वाढेल की!"

"वाढेल कसा? तुला नावेत घालून पलीकडे सोडणार. तिकडच्या राजाच्या आकड्यात जाशील!"

सुभाना घरी आला आणि हलगी मांडीवर घेऊन बसला. त्याची लेक येसू चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. ती राजवाड्यातल्या कोंबड्याला उठवायच्या कामावर होती. कोंबडा तिच्या आधीच उठायचा, पण काम ते काम!

"पोरी, नदीपलीकडची माणसं बरी असतात का गं?" सुभानाने विचारलं.

येसूने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. बापलेकीला एकमेकांशिवाय होतं कोण? तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

"रिकाम्या मडक्यातून पाणी कसं ओतू गं मी?" सुभाना म्हणाला.

"आबा, बेकार म्हणजे कोण?"

"ज्याला काम नाही, तो."

"आणि ज्या कामाला माणूसच नाही, ते काम?"

"असं काम उरलंय कुठं? मुंग्यांना वाट दाखवायलासुद्धा माणूस नेमलाय!"

येसूने करपलेली भाकरी उलटली आणि ती एकदम हसली. "आबा, उद्या मी येते तुमच्याबरोबर!"

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. सुभानाने हलगीवर थाप मारली, पण तोंडातून शब्द फुटेना. येसूने त्याचा हात धरला आणि ती पुढे झाली.

"महाराज, आबांचा घसा बसलाय. आकडा मी सांगते. या पौर्णिमेला बेकार शून्याहून एक कमी!"

राजा सिंहासनावरून अर्धा उठला. "खरंच? ते कसं?"

"राज्यात बिनकामाचा माणूस एकही नाही. पण बिनमाणसाचं काम एक आहे. उद्या एक बेकार कुठून आला, तर तोही त्यात खपेल. झाला की नाही एक कमी?"

"खोटं!" प्रधान ओरडला. "महाराज, सगळी कामं भरलीत! पंखा ढाळणाऱ्याला वारा घालायलाही माणूस आहे!"

"मग कुठलं गं काम रिकामं आहे?" राजाने विचारलं.

"महाराज, तुम्ही शून्याहून कमी मागितलंत, तेव्हा प्रधानजींनी मान डोलावली. मग कारभाऱ्यांनी डोलावली. मग हवालदारांनी. आणि आकडा नाही सांगितला, तर आबांची हलगी जमा! होय म्हणायला तुमच्याकडे माणसं रगड आहेत! पण 'नाही महाराज, हे जमणार नाही' असं म्हणायच्या कामावर एकही माणूस नाही!"

सुभानाने डोळेच मिटून घेतले. त्याला आता नदीवरची नाव दिसायला लागली होती.

राजाने मिशी चावली. "असं कसं? हे काम आमचे प्रधान करतील. काय प्रधानजी, मला 'नाही' म्हणाल ना?"

"होय महाराज!"

"मग म्हणा बघू आत्ता!"

"होय महाराज!"

"अहो, 'नाही' म्हणा!"

"होय महाराज! होय, होय!"

राजा आधी गालात हसला, मग पोट धरून हसला. मग इतका हसला, की मुकुट घरंगळून प्रधानाच्या पायाशी गेला. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि येसूच्या हातावर ठेवलं.

"सुभाना, तुझी हलगी तुझ्याकडेच राहू दे! आणि पोरी, ते रिकामं काम आजपासून तुझं. कोंबड्याला उठवायचं काम बंद, तो आपला आपण उठेल! पगार प्रधानाएवढा!" मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं आणि तो गोंधळला. "थांब थांब! तुला नेमलं, की ते काम भरलं. म्हणजे आकडा पुन्हा शून्यावर आला! पुढच्या पौर्णिमेला तो कमी करशील ना?"

येसूने कडं मनगटात चढवलं, पदर सावरला आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही महाराज! जमणार नाही!"

आणि राजा पुन्हा हसत सुटला.